कोरचीच्या बाजारात गझेल : आठ मिनिटांत सिकलसेलचा पॅटर्न

सिकलसेल हा आईबापांकडून येणारा हिमोग्लोबिनचा आजार. त्याच्या तपासणीबद्दल माझं एक मत आता पक्कं झालं आहे. माणूस समोर बसलेला असतानाच त्याला त्याचा पॅटर्न कळला पाहिजे. एए (निरोगी), एएस (वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून सिकल आलेला) की एसएस (दोघांकडून आलेला, आजारी). एकदा तो मिरची तोडायला तेलंगणात गेला किंवा पोरगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली, की रिपोर्ट कितीही अचूक असो, तो फायलीत पडून राहतो. गझेल हे जागेवर रक्त तपासून पॅटर्न सांगणारं यंत्र मी याच कसोटीवर लावून पाहिलं आणि या कसोटीवर ते उत्तम उतरलं. कुठे जपून वापरायचं, तेही पुढे लिहिते, कारण हे यंत्र घेऊ पाहणाऱ्या संस्था मला सारखं तेच विचारतात.

मी लॅब टेक्निशियन. डीएमएलटी हा लॅबचा डिप्लोमा केल्यावर काही वर्षं ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी होते, आता एका संस्थेच्या फिरत्या पथकात आहे. आमचा पट्टा गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा, कोरची-कुरखेडा. कोरचीपासून जिल्ह्याचं ठिकाण शंभरावर किलोमीटर, छत्तीसगडची हद्द मात्र हाकेच्या अंतरावर. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतली माणसं आपणहून एका जागी येतात, म्हणून आम्ही टेबल तिथेच लावतो. गोंडी, छत्तीसगडी, झाडीबोली सगळं कानावर पडतं.

आधी जुनी पद्धत सांगते, म्हणजे नव्याची किंमत कळेल. गावात पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. छोट्या नळीत सोडियम डायथायोनाइट घातलेलं फॉस्फेटचं द्रावण, त्यात रक्ताचे दोन थेंब. पाच मिनिटांनी नळी काळ्या रेघा मारलेल्या कार्डासमोर धरायची. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा हरवल्या तर पॉझिटिव्ह. ऑक्सिजन काढून घेतला की सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही, एवढंच त्यामागचं तत्त्व. स्वस्त आहे, वीज लागत नाही, आशाताईंनाही शिकवता येतं. पण ही नळी एएस आणि एसएस यांच्यात फरक करत नाही. वाहकाची नळीही गढूळ आणि आजारी लेकराची नळीही गढूळ. अंगात रक्त फारच कमी असेल तर गढूळपणा नीट येत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, तिथेही ही चाचणी फसते. पावसाळ्यात डायथायोनाइटच्या पुडीला दमटपणा लागला की भुकटीचे गोळे होतात, आंबूस गंधकाचा वास येतो, आणि मग त्या पुडीवर विश्वास ठेवता येत नाही.

म्हणून पॉझिटिव्ह निघालेल्यांचं रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) बल्बमध्ये घेऊन वर, मोठ्या लॅबकडे पाठवायचं. वर एचपीएलसी असतं. ते यंत्र हिमोग्लोबिनचा प्रत्येक प्रकार टक्केवारीनिशी वेगळा करून दाखवतं आणि शेवटचा शब्द त्याचाच, यात मला शंका नाही. पण त्याला एसी खोली लागते, खंड न पडणारी वीज लागते, रीएजंटचा पुरवठा लागतो, आणि आमच्या बल्बला तिथवर पोहोचायला गाडी लागते. मी आधी जिथे होते तिथे पाठवलेले बल्ब परत रिपोर्ट होऊन येईपर्यंत गावातली निम्मी माणसं कामाला बाहेर पडलेली असायची. काही बल्बांवरची नावंच पुसून गेलेली असत. आईचा रिपोर्ट आला आणि बापाचा नाही, असं झालं की समुपदेशनाला काही अर्थच उरत नाही. दोघं वाहक आहेत की एकच, यावर सगळं अवलंबून असतं.

गझेल या दोन टोकांमधली जागा भरतं. अमेरिकेत पोर्टलंड इथल्या हेमेक्स हेल्थ या कंपनीचं हे यंत्र. मूळ कल्पना क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातली, तिथे तिला हीमचिप म्हणत. भारतात जबलपूरच्या राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्थेने ते तपासून २०२१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. मी तो वाचूनच आमच्या डॉक्टरांच्या मागे लागले. आपल्यासारख्याच पट्ट्यातली माणसं, आपल्यासारखंच ऊन, तिथे चाललं म्हणजे इथेही चालायला हवं, असा माझा हिशोब होता.

आत चालतं ते इलेक्ट्रोफोरेसिसच, म्हणजे विजेच्या जोरावर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करण्याची पद्धत. ज्यांनी लॅबमध्ये सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्ट्या चालवल्या आहेत त्यांना सांगायला नको. टाकीत बफर भरा, पट्टी ताणून बसवा, वीज सोडा, मग पॉन्सो एसच्या लाल रंगात बुडवा, ॲसेटिक ॲसिडने धुवा, वाळवा, आणि मग खिडकीपाशी नेऊन पट्टे वाचा. गझेलमध्ये तोच सेल्युलोज ॲसिटेटचा कागद एका छोट्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला असतो. रंग द्यावा लागत नाही, हिमोग्लोबिनचा स्वतःचा लाल रंगच कॅमेरा टिपतो.

प्रकार वेगळे कसे होतात, हे मी प्रशिक्षणात प्रत्येक नव्या मुलीला सांगते, कारण ते कळलं की पट्टे पाठ करावे लागत नाहीत. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असतं. त्याच्यावर ऋण भार असतो. सिकलमध्ये त्या जागी व्हॅलिन येतं, त्याच्यावर भार नसतो. एका रेणूत बीटा साखळ्या दोन, म्हणून दोन ऋण भार कमी. अल्कधर्मी बफरमध्ये वीज सोडली की सगळं हिमोग्लोबिन धन टोकाकडे निघतं. नेहमीचं हिमोग्लोबिन ए सर्वांत पुढे जातं, सिकलचं एस मागे राहतं, गर्भातलं एफ त्या दोघांच्या मध्ये. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हेच दाखवलं होतं. एखादा आजार एका रेणूतल्या बदलाचा असू शकतो, हे जगाला पहिल्यांदा कळलं ते याच पट्ट्यांच्या मागे-पुढे होण्यावरून. बदल नेमका कोणत्या आम्लाचा, ते व्हर्नन इनग्रॅम यांनी पुढे १९५६-५७ मध्ये शोधलं. त्या काळी अवाढव्य उपकरण लागत होतं. आज तोच प्रयोग मी कोरचीत प्लॅस्टिकच्या टेबलावर करते, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

आता प्रत्यक्ष काम. बोट स्पिरिटने पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. घाई करून ओल्या बोटाला लॅन्सेट मारला तर थेंब पसरतो. रक्त मार्करच्या द्रावणात मिसळायचं, त्यात एक निळा रंग असतो. तो निळा पट्टा कागदावर ठरलेल्या वेगाने सरकतो, आणि यंत्र त्याच्याशी ताडून लाल पट्ट्यांच्या जागा ठरवतं. मग कागद बफरने भिजवायचा आणि छोट्या शिक्क्यासारख्या टोकाने रक्ताची एक बारीक रेघ कागदावर उमटवायची. सगळं कसब या रेघेत आहे. रेघ केसासारखी बारीक आणि सरळ उमटली तर पट्टे सुटे येतात. रक्त जास्त लागलं की पट्टे पसरतात, ए आणि एफ एकमेकांत जातात. दाब हलका हवा, हात टेबलावर टेकलेला हवा. नव्या मुलींना मी आधी आमच्याच स्टाफच्या रक्तावर ही रेघ मारायला लावते, हात बसल्याशिवाय बाजारात नेत नाही. कार्ट्रिज यंत्रात सरकवायचं, झाकण लावायचं, पडद्यावर नाव, वय, लिंग भरायचं आणि सुरू करायचं. आठ मिनिटांच्या आत पडद्यावर पट्टे, प्रत्येकाची टक्केवारी आणि पॅटर्न.

बॅटरी आत आहे. कोरचीत वीज जाणं ही रोजची गोष्ट, त्यामुळे या एका गोष्टीवर मी अर्धे गुण देऊन टाकते. रात्री चार्जिंगला लावलं की बाजाराचा दिवस निघतो. निकाल यंत्रातच साठतात, म्हणून वहीत आणि यंत्रात ताडून पाहता येतात. मे महिन्यात मी एक पथ्य पाळते, आणि उघड्यावर कागदावर काम करणाऱ्या कुणालाही तेच सांगेन: टेबल पक्क्या सावलीत, पंख्याच्या किंवा लूच्या झोतात नाही, आणि रक्त तयार असल्याशिवाय कार्ट्रिजचं पाकीट फाडायचं नाही. ओला कागद आमच्याकडच्या दुपारी बघता बघता सुकतो.

आठ मिनिटं वाट पाहणं काहींना जास्त वाटतं. मला ती फार उपयोगी पडतात. तेवढ्यात मी विचारून घेते: गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलंय का? हा प्रश्न चुकला तर यंत्र दात्याचं ए हिमोग्लोबिन दाखवणार आणि एसएस लेकरू एएस वाटणार. सांधे सुजतात का, पावसाळ्यात हाडं दुखतात का, डोळे पिवळे होतात का, घरात असं कोण आहे, लहानपणी कोण गेलं. एक आजी म्हणाली, "बाई, माया लेकीचे हातपाय फुगत होते न, चार वर्साची होऊन गेली ते." तेव्हा कुणी कुठली तपासणी केली नव्हती. हाताची बोटं आणि पाय सुजणं हे लहान बाळांमधलं या आजाराचं अगदी सुरुवातीचं लक्षण. आजी नातवाला घेऊन आली होती. त्याच्या कागदावर ए चा, म्हणजे नेहमीच्या हिमोग्लोबिनचा, पट्टाच नव्हता.

ज्या जोडप्यामुळे या यंत्राबद्दल माझी खात्री पटली ते सांगते. बाई तीन महिन्यांची गरोदर, उपकेंद्रात सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आलेली. नवरा तिला मोटरसायकलवर बाजाराला घेऊन आला होता आणि दुसऱ्या दिवशी कामाला निघणार होता. बाईचा पॅटर्न एएस आला. मी त्याला म्हटलं, "दादा, तुमचंही आत्ताच बघून घेऊ." तो म्हणाला, "मले काई होत नाई मॅडम, मी तर पोतं उचलतो." वाहकाला काही होत नाहीच, तो पोतं उचलतोच, हे त्याला समजावून मी बोट धरलं. त्याचाही एएस. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस बाळाची. आधीचं मूल चांगलं निघालं म्हणून पुढची शक्यता बदलत नाही, हे मी दोघांना दोनदा सांगितलं, कारण बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमाराला वारेचा बारीक तुकडा घेऊन गर्भाची तपासणी करता येते. त्यांच्या हातात तेवढा वेळ शिल्लक होता. आमच्या डॉक्टरांनी तिथूनच फोन करून नागपूरची वेळ घेतली आणि त्याने कामाला जाणं पुढे ढकललं. जुन्या पद्धतीत त्याचा बल्ब वर पोहोचला असता तेव्हा तो स्वतः शेकडो किलोमीटर दूर असता आणि तिचे आठवडे निघून गेले असते. पुढे त्या दोघांनी काय ठरवलं हा त्यांचा प्रश्न, तो मी इथे लिहिणार नाही. ठरवण्यासाठी लागणारी माहिती त्यांना वेळेवर मिळाली, यंत्राचं काम तेवढंच.

आता मर्यादा. या बऱ्याचशा पद्धतीच्याच आहेत. अल्कधर्मी इलेक्ट्रोफोरेसिस कुठल्याही लॅबमध्ये करा, त्या येणारच. पण यंत्र घेणाऱ्याला त्या माहीत असायलाच हव्यात.

पहिली, जागा सारखी असणारे प्रकार. हिमोग्लोबिन डी पंजाब हा वेगळाच प्रकार एसच्याच जागी येतो. ए२, ई आणि सी हे आणखी तीन प्रकार सुरुवातीच्या रेघेजवळ एकत्र पडतात. म्हणून एसच्या जागी पट्टा दिसला की मी सोल्युबिलिटी करतेच. डी असेल तर नळी स्वच्छ राहते, एस असेल तर गढूळ होते. नवं यंत्र आलं म्हणून जुन्या नळ्या कपाटात टाकणाऱ्यांना माझा सल्ला, तसं करू नका. दोन्ही मिळून उत्तर पक्कं होतं.

दुसरी, थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक दोष. बीटा थॅलेसेमियाचा वाहक ओळखायला ए२ नेमकं मोजावं लागतं, साडेतीन-चार टक्क्यांच्या आसपासचा तो फरक असतो. ते काम मी एचपीएलसीवरच सोपवते. पण टक्केवारी मिळत असल्यामुळे एक इशारा मात्र हाती लागतो. साध्या वाहकात ए जास्त आणि एस कमी असतं. कधी ए दिसतं पण एस त्याहून जास्त असतं. मग ते लेकरू एका पालकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया घेऊन आलेलं असू शकतं, किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असतं. नुसत्या हो-नाही सांगणाऱ्या चाचणीत हे निसटलं असतं. आणि ए अजिबात नसेल तर तो एसएस आहे की सिकल-बीटा-शून्य थॅलेसेमिया (एका पालकाकडून सिकल, दुसऱ्याकडून ए अजिबात न बनवणारं जनुक), हे इथे कळत नाही. आईबापांचे पॅटर्न आणि एचपीएलसी, दोन्ही लागतात. उपचार मात्र त्यासाठी थांबवायचे नसतात.

तिसरी, नवजात बाळं. जन्मताना एफ चा पट्टा एवढा जाड असतो की त्याच्या शेजारचा एस बारीक रेघेसारखा दिसतो. सहा महिन्यांखालच्या बाळाचा पडद्यावरचा निकाल मी शेवटचा मानत नाही, पुन्हा बोलावते आणि नमुना वरही पाठवते. एसएसचा संशय असेल तर बाळाला डॉक्टरांच्या नजरेआड जाऊ देत नाही, कारण जंतुसंसर्ग आणि प्लीहा अचानक सुजणं हे धोके याच वयात सुरू होतात.

कागदी पट्टीच्या चाचण्यांशी तुलना सगळेच विचारतात. हिमोटाइप एससीसारख्या पट्टीला यंत्रच लागत नाही, वजन नाही, चार्जिंग नाही, दहा मिनिटांत उत्तर. दुर्गम पाड्यावर एकट्या एएनएमला (आरोग्यसेविकेला) पाठवायचं असेल तर मी ती पट्टीच देईन. पण तिची वाचण्याची रीत उलटी आहे: ज्या हिमोग्लोबिनची रेघ उमटत नाही ते रक्तात असतं. दिवसभर शेकड्यांनी तपासणी चालू असताना थकलेल्या डोळ्यांना हे जपावं लागतं, आणि टक्केवारी मिळत नाही ती नाहीच. जिथे टेबल लागतं, गर्दी येते आणि एक प्रशिक्षित हात असतो, तिथे गझेल. अशी आमची वाटणी आहे.

"मॅडम, शुगरच्या मशीनसारखी पट्टी नाई का सिकलची?" हा प्रश्न मला एका शिक्षकाने विचारला, आणि प्रश्न अगदी योग्य आहे. ग्लुकोमीटर हा विद्युत-रासायनिक सेन्सर. पट्टीवरचं एन्झाइम ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन घेतं, ते इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचवले जातात, आणि मीटर तो प्रवाह मोजतो. ग्लुकोज जास्त तर प्रवाह जास्त. तिथे प्रश्न "किती" असा आहे. सिकलचा प्रश्न "कोणतं" असा आहे. हिमोग्लोबिन सगळ्यांच्याच रक्तात भरपूर असतं, फरक फक्त एका अमिनो आम्लाचा. इलेक्ट्रोडला तेवढाच फरक ओळखायला लावणं खूप अवघड. संशोधक त्यासाठी वेगवेगळे मार्ग काढत आहेत. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनएचा छोटा एकेरी धागा बसवायचा, तो बीटा ग्लोबिन जनुकातल्या बदललेल्या अक्षराशी, म्हणजे जीएजीच्या जागी आलेल्या जीटीजीशी, तंतोतंत जुळणारा. रुग्णाच्या डीएनएचा धागा त्याला चिकटला की मेथिलीन ब्लूसारख्या रंगद्रव्याचा विद्युत संकेत बदलतो. एक अक्षर चुकलं तर धागा सैल चिकटतो आणि संकेत वेगळा येतो. वाचायला सुरेख वाटतं, मलाही वाटतं. पण रक्तपेशी फोडा, डीएनए काढा, बहुतेक वेळा त्याच्या प्रती वाढवा, तापमान अचूक ठेवा, हे सगळं बाजारातल्या टेबलावर बसायला अजून अवकाश आहे. ते बसलं तर मात्र एस की डी, एसएस की सिकल-बीटा-शून्य, हे वर लिहिलेले अडथळे बरेचसे सुटतील, कारण तिथे थेट जनुकच वाचलं जाईल. नवजात बाळाचा प्रश्नही सुटेल, जनुक पहिल्या दिवसापासून तेच असतं.

शुगरसारख्या पट्टीची पद्धत जिथे आजच शोभते असा एक आनुवंशिक दोष आहे आणि गडचिरोलीला त्याच्या तपासणीची फार गरज आहे: तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता. तिथे प्रश्न पुन्हा "किती" असाच आहे, एन्झाइम किती काम करतं. ते काम करताना जे रसायन तयार होतं त्याचे इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडवर मोजता येतात, आणि हिमोग्लोबिनच्या ग्रॅममागे किती युनिट, असं उत्तर मिळतं. अशा पट्ट्या आणि हातात मावणारे मीटर तयारही झाले आहेत. आमच्या जिल्ह्यात मलेरिया पाचवीला पुजलेला. व्हायव्हॅक्स मलेरिया यकृतात दडून बसतो, त्याला काढायला प्रायमाक्विन चौदा दिवस द्यावं लागतं, आणि ज्याच्यात हे एन्झाइम कमी त्याच्या तांबड्या पेशी त्या गोळीने फुटतात. लघवी काळपट होते, रक्त झपाट्याने उतरतं. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांमध्ये उत्तर बहुधा सरळ येतं, बायकांमध्ये अधलं-मधलं येऊ शकतं, म्हणून तिथे आकडाच हवा, हो-नाही पुरत नाही. सिकलच्या टेबलाशेजारी हे दुसरं छोटं मीटर असावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. बोट एकदाच टोचायचं आणि दोन्ही प्रश्नांची उत्तरं घ्यायची.

यंत्रापलीकडच्या एका गोष्टीवर मी हट्ट धरते. पडदा माझ्याकडे वळवलेला असतो, लोकांकडे नाही. बाजारात ओळखीचे, सोयरे, भावी व्याही सगळे उभे असतात. एखाद्या पोरीचा एएस चारचौघांत मोठ्याने वाचला, तर तिचं लग्न मोडायला तेवढं पुरतं, आणि ते मोडण्याचं काही कारण नसतं. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहकाने एए पॅटर्नच्या माणसाशी लग्न केलं तर एसएस बाळ होत नाही. ही एवढी साधी गोष्ट प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगायला एक समुपदेशक टेबलामागे पाहिजेच. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात जुन्या साड्यांचा पडदा लावून आडोसा केला आहे. यंत्राचं बजेट करताना समुपदेशकाचा पगार वगळणाऱ्या संस्थेने यंत्र घेऊच नये, असं मी स्पष्ट सांगते. मुलीच्या घरून एकटीला तपासायला पाठवतात आणि मुलगा येत नाही, हेही चालू देऊ नये. बोलावताना दोघांना बोलवा.

आणखी एक गैरसमज इथेच खोडते. सिकलसेल फक्त आदिवासींचा, असं अजूनही बोललं जातं. विदर्भात तो अनुसूचित जातींत आणि इतर मागास समाजांतही आहे. मध्य भारतातल्या या आजारावर नागपूरहून १९५८ मध्येच लिहिलं गेलं होतं. म्हणून बाजारात आम्ही जात विचारून तपासत नाही, जो येईल त्याची तपासणी करतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट आणि २०४७ ही निर्मूलनाची मुदत. एवढ्या माणसांपर्यंत पोहोचायचं तर जागेवर उत्तर देणारी साधनं लागणारच. पण तपासलेल्या माणसांचा आकडा वाढला यावर मी समाधान मानत नाही. एसएस निघालेल्या किती लेकरांच्या हातात हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या पोहोचल्या आणि किती जण दर महिन्याला रक्ताच्या तपासणीला परत आले, तो आकडा मला हवा असतो. ही गोळी गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते, दुखण्याचे झटके कमी करते. महाग नाही. तिच्यावर असताना पेशींची मोजणी करत राहावं लागतं, म्हणजे पुन्हा लॅब जवळ हवी.

तर कुणी घ्यावं? जिथे रोज गर्दी आहे आणि एचपीएलसी त्याच इमारतीत आहे, त्यांना गझेलची गरज नाही. ज्यांचे बल्ब दुसऱ्या गावाला जातात, ज्यांची माणसं हंगामी कामाला बाहेर जातात, ज्यांच्याकडे गरोदर बायकांच्या नवऱ्यांना गाठणं अवघड आहे, त्यांनी जरूर घ्यावं. घेताना यंत्राच्या किमतीपेक्षा कार्ट्रिजचा वर्षभराचा खर्च आधी मांडावा, मुदत संपण्याची तारीख पाहून थोडा थोडा माल मागवावा, आणि पहिल्या दोन महिन्यांतले सगळे असामान्य नमुने चंद्रपूर किंवा नागपूरच्या एचपीएलसीशी ताडून पाहावेत. आम्ही तसं केलं आणि त्यानंतरच स्वतःच्या निकालावर सही करू लागलो.

आमच्या संस्थेकडे पुढच्या वर्षासाठी मी मागणी देऊन ठेवली आहे: मिरचीचं काम संपवून माणसं गावाकडे परततात आणि लग्नसराई सुरू होते त्या दिवसांसाठी कार्ट्रिजचा जादा साठा, जी-सिक्स-पीडीचं एक मीटर, आणि गोंडी बोलणारी एक समुपदेशक. तिसरी मागणी मंजूर झाली तर बाकी दोन थोड्या उशिरा आल्या तरी चालतील, असं मी त्यांना कळवलं आहे.